प्रतिसाद: सुप्रीम कोर्टाची बार आणि आपलो गोवा

सुप्रीम कोर्टाच्या बारवरच्या, म्हणजे तिथल्या वकीलवर्गावरच्या, या चर्चेत सेटलवाड, पालखीवाला, नरिमन या नामवंत वकिलांची नावं आली, ती योग्यच. आणीबाणी लागताच नरिमन यांनी अतिरिक्त सॉलिसिटर जनरलपद (कोर्टात केंद्र सरकारची बाजू मांडणाऱ्या वरिष्ठ वकिलाचं पद) सोडलं, हा तर त्या बारचा मानबिंदू! पण चर्चेत गोवा कुठेच नाही, म्हणून ही भर. १९६१ पर्यंत आपल्याकडच्या वकिलांचं शेवटचं अपील लिस्बनला जायचं, कामकाज पोर्तुगीजमध्ये. मुक्तीनंतर दिल्ली. पुढे आपले आत्माराम नाडकर्णी २०१६ मध्ये त्याच अतिरिक्त सॉलिसिटर जनरलपदावर पोचले. अभिमान वाटतो.

आणि २०१९ चा कुतिन्हो निकाल जरूर वाचा. गोंयकाराची (गोवेकराची) मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी वारसाहक्क पोर्तुगीज नागरी संहितेनेच (पोर्तुगीज काळापासून गोव्यात चालत आलेल्या नागरी कायद्याने) ठरणार, असं सुप्रीम कोर्टाने त्यात सांगितलं. पणजी-मडगावच्या वकिलांना रोज लागणारा कायदा आहे हा.