युरोपातलं गोठवलेल्या चपट्या माशांचं उत्पादन घटलं, ते मासा संपला म्हणून नव्हे

दर्यावर्दी: उत्तर समुद्रातला प्लेस (आपल्या लेपीसारखा चपटा, अंगावर नारिंगी ठिपके) गेली काही वर्षं कोट्याएवढाही (ठरवून दिलेल्या पकडीच्या मर्यादेएवढाही) पकडला जात नाही. म्हणजे कमी पडतायत त्या बोटी. विजेच्या झटक्याने तळाचा मासा उठवणाऱ्या पल्स ट्रॉलला (ओढत न्यायच्या जाळ्याला) डिझेल जवळपास निम्मं लागायचं. १ जुलै २०२१ पासून युरोपीय संघात त्यावर पूर्ण बंदी आली. बोटी पुन्हा तळ खरवडणाऱ्या जड साखळ्यांकडे वळल्या आणि २०२२ मध्ये डिझेल भडकलं. कित्येक डच मालकांनी सरकारी भरपाई घेऊन बोटी मोडीत काढल्या. उर्क या डच गावातल्या मासे-प्रक्रिया कारखान्यांना कच्चा माल येणार कुठून? ही बंदी चूकच होती.

खाडीकर: बंदीवर सगळं ढकलू नका. पल्स हे सोलसाठीचं (दुसऱ्या, महाग चपट्या माशासाठीचं) जाळं होतं. झटक्याने सोल आखडून वाकतो आणि सहज जाळ्यात येतो, प्लेस उलट कमीच मिळायचा. बीम ट्रॉलरचा (आडव्या दांड्याने उघडं ठेवलेलं जाळं तळावरून ओढणाऱ्या बोटीचा) खर्चही सोलवरच निघतो, प्लेस सोबत येतो. सोलचा कोटा कापला की बोट धक्क्यालाच राहते आणि स्वस्त प्लेसही समुद्रातच राहतो. शिवाय सोलसाठी ८० मिमी आसाचं जाळं लागतं, त्यात २७ सेंमी या किमान मापाखालचा प्लेस ढिगाने अडकतो. वाया जातो तो उद्याचा मासा.

दर्यावर्दी: मग उत्तरेकडे १०० ते १२० मिमीची जाळी लावून फक्त प्लेस धरा. मासा तिथे मोठाही मिळतो.

खाडीकर: धराल, पण कधी? हिवाळ्यात गाबोळी भरते, अंडी टाकून झाली की मासा पार रोडावतो. मार्चचा फिले (काटे काढलेला मांसाचा काप) पातळ आणि पाणचट, उतारा कमी, वितळवला की पाणी सोडतो. गोठवायचा तर उन्हाळा-शरदातला भरलेला मासा घ्या, फिले सुटे करून झटपट गोठवा, गाभा उणे १८ अंशांपर्यंत उतरवा. पातळ शेपटीकडची कड आधी सुकते, म्हणून बर्फाचा थर हवाच. मात्र युरोपीय नियमानुसार निव्वळ वजनात तो बर्फ धरता येत नाही.

आकडेमोड: दोघंही एक गोष्ट विसरताय. ‘उत्पादन’ म्हणजे पकड नव्हे. उद्योगाच्या आकडेवारीत माल कुठे तयार झाला ते दिसतं, मासा कुठे पकडला ते नाही. आयात मासा युरोपात कापून गोठवला, तरी तो युरोपचंच उत्पादन. आयातीतही तीच गुंतागुंत. सीमाशुल्काच्या सहा अंकी वर्गीकरणात अख्खा गोठवलेला प्लेस ०३०३ ३२ खाली वेगळा दिसतो, पण चपट्या माशांचे गोठवलेले फिले सगळे ०३०४ ८३ मध्ये एकत्र. अलास्काचा यलोफिन सोल (आणखी एक चपटा मासा) बोटीवर डोकं काढून गोठवतात, चीनमध्ये वितळवून फिले कापतात, पुन्हा गोठवतात. दोनदा गोठल्याने तो मऊ पडतो, पण स्वस्त असतो. सहा अंकी आकड्यांत तो प्लेसच्या फिलेसोबत एकाच ओळीत दिसतो; प्लेस वेगळा दिसतो तो युरोपच्या आठ अंकी वर्गीकरणात. आधी हे वेगळं काढा, मग बंदीला दोष द्या.

दर्यावर्दी: मान्य, फिलेच्या आकड्यांवरून बोटींचं काही सिद्ध होत नाही. पण बंदरात उतरलेल्या प्लेसचे आकडे वेगळे मिळतात आणि घसरण त्यांतही आहे.