काळा, वाकडा दात: मेगालोडॉन शार्कचा आहे का?

खाडीकाठचा: मंडळी, रविवारी अमेरिकेत मेरीलँडमधल्या कॅल्व्हर्ट क्लिफ्सच्या कड्यांकडे गेलो होतो. जंगलातून जवळजवळ तीन किलोमीटर चाललं की चेसापीक खाडीचा काठ लागतो. देवगडहून सासूबाई आल्यात. आम्ही दोघं उभ्याने वाळू न्याहाळत फिरलो, हाती शिंपले आले. त्या पाण्याच्या कडेला फतकल मारून बसल्या आणि तांदूळ निवडावेत तसे तासाभरात १९ दात काढून दिले! १८ बारके, सुईसारखे. एक मात्र अडीच सेंटीमीटरचा, काळाभोर, एका अंगाला कललेला, कडांना करवत. मुलगा म्हणतो मेगालोडॉन, तो नामशेष झालेला अजस्र शार्क. शाळेत सांगूनही आलाय. खरंय का? फोटो टाकलाय. आणि पांढरा करायला व्हिनेगरमध्ये ठेवू का?

चाळणीवाला: आधी ती बाटली कपाटात ठेवा! मी एक दात रात्रभर बुडवला होता, सकाळी मूळ खडूसारखं भुसभुशीत. साधं पाणी आणि जुना टूथब्रश पुरे. काळेपणा हा मळ नव्हे, गाळातली खनिजं आत मुरलीत.

आता करवत बघा. दाते टोकाकडे मोठे होत गेलेत आणि टोकाच्या जरा अलीकडेच थांबलेत, टोक गुळगुळीत. हा हेमिप्रिस्टिस सेरा नावाच्या, आता नामशेष झालेल्या दुसऱ्या शार्कचा, वरच्या जबड्यातला. मेगालोडॉनचे दाते बारीक, एकसारखे, पार टोकापर्यंत. मुलाला सांगा, हिरमुसू नकोस. ते कडे मायोसीन काळातले, म्हणजे दात निदान ८० लाख वर्षांचा. शाळेत तेवढं खपेल.

आणि कड्याखाली जाऊ नका. दरड कोसळते, तिथे खणायलाही बंदी आहे.

जुनाखडक: १९ दात म्हणजे १९ शार्क नव्हेत हं. दात पडतो, मागच्या रांगेतला पुढे सरकतो. एकेका माशाचे जन्मभरात हजारो. सांगाडा कूर्चेचा, तो कुजून जातो. माल्टात असल्या दातांना ‘जिभेचे दगड’ म्हणत. १६६६ मध्ये डॅनिश शरीरशास्त्रज्ञ स्टेनोच्या हाती इटलीत लिव्होर्नोजवळ धरलेल्या शार्कचं डोकं आलं, तेव्हा त्यातले दात त्याला त्या दगडांसारखेच, ओळखीचे वाटले. बाकी हेमिप्रिस्टिसची एक जात अजून जिवंत आहे, हिंदी महासागरात, भारताच्या किनाऱ्यालाही.

खाडीकाठचा: सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, “म्हणजे मोरी मासळीच की! हिच्या भाऊबंदांचं कालवण झालं असेल आपल्याकडे.” मुलगा अजून फुगलाय.