मदत हवी आहे: डेझ ब्रायंटचा तो कॅच होता की नव्हता?

मंडळी, अमेरिकन फुटबॉलचे नियम नीट माहीत असणारं कोणी आहे का इथे? आम्ही डॅलसला राहतो, घरात सगळे इथल्या काउबॉइज टीमचे फॅन आणि शेजारचा मित्र पक्का ग्रीन बे पॅकर्स टीमवाला, त्यामुळे ११ जानेवारी २०१५ च्या, पॅकर्सच्या लॅम्बो फील्ड मैदानावरच्या दोघांच्या मॅचचा विषय निघाला की जेवण राहतं बाजूला. चौथा डाउन, म्हणजे बॉल पुढे न्यायची शेवटची संधी, दोन यार्ड हवे होते, आमच्या रोमोने (क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा) लांब पास टाकला, आमच्याच डेझने डिफेंडरच्या डोक्यावरून उडी मारून बॉल घेतला, पावलं टाकली आणि गोल लाइनकडे हात लांबवत पडला. मैदानावर कॅच दिला होता हो! मग पॅकर्सच्या कोचने चॅलेंज केलं आणि रिप्लेवर निर्णय फिरवला, कारण पडताना बॉल जमिनीला लागून हलला. २६-२१ ने हरलो, अजून लागतं मनाला.

मित्र म्हणतो, तेव्हाच्या नियमात पडणाऱ्या खेळाडूने जमिनीवर आदळेपर्यंत बॉल घट्ट धरायलाच हवा, म्हणून निर्णय बरोबर. नियम मला मान्य आहे, पण बॉल हातात आल्यावर पावलं टाकून त्याने हात पुढे केला, म्हणजे तो आधीच रनर (कॅच पूर्ण करून बॉल घेऊन पळणारा) झाला ना? की पडण्याच्या ओघात केलेलं काहीच धरत नाहीत? २०१८ ला नियम बदलला, ते माहितीये, मला जुन्या नियमाप्रमाणेच उत्तर हवंय. कोणी रेफरींग केलं असेल तर प्लीज नीट समजावून सांगा.