मदत हवी आहे: बोकडाच्या स्नायूपेशी वाढतात, पण तंतू बनत नाहीत (सोलापूर)

शिकाऊ_सोलापूर

एमएस्सीचा प्रकल्प आहे. बोकड न कापता प्रयोगशाळेत मटण वाढवण्याचं छोटं प्रात्यक्षिक करायचंय. उस्मानाबादी बोकडाच्या मांडीचं ५ ग्रॅम मांस खाटकाकडून बर्फात आणतो. बारीक चिरून ०.२ टक्के कोलॅजिनेजमध्ये (पेशींना बांधणारं जाळं विरघळवणारं विकर) ३७ अंशांवर १ तास ठेवतो, १०० आणि मग ४० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळतो आणि थेट जिलेटिन लावलेल्या फ्लास्कमध्ये टाकतो. मीडिया (पेशी वाढवायचा पोषक द्रव): डीएमईएम हे तयार मिश्रण, २० टक्के फीटल बोव्हाइन सीरम (गायीच्या गर्भाच्या रक्तातला द्रव), मिलिलीटरला ५ नॅनोग्रॅम बीएफजीएफ (पेशींना वाढायला लावणारं प्रथिन), १ टक्का पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविकं. फ्लास्क पूर्ण भरला की ट्रिप्सिन या विकराने पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये टाकतो (हा एक पासेज).

तिसऱ्या पासेजपर्यंत वाढ छान होते. त्यानंतर २ टक्के हॉर्स सीरमवर (घोड्याचं सीरम) ७ दिवस ठेवूनही पेशी जुळून होणारा एकही तंतू दिसत नाही. शिवाय दुपारनंतर मीडिया जांभळा पडतो. प्रदर्शनात किमान १ ग्रॅमचा तुकडा ठेवायचाय. चूक कुठे होतेय?

सूक्ष्मदर्शी

तुमच्या फ्लास्कमध्ये आता बहुतेक फायब्रोब्लास्टच (जोड-ऊतीच्या पेशी) उरले असावेत. गाळलेलं सगळं थेट जिलेटिनवर टाकलं की स्नायूपेशी आणि फायब्रोब्लास्ट दोन्ही चिकटतात, आणि फायब्रोब्लास्ट भराभर वाढून बाकीच्यांना मागे टाकतात. दहापट लेन्सखाली पाहा: स्नायूच्या पेशी लहान, चमकदार, दोन्ही टोकांना निमुळत्या. फायब्रोब्लास्ट चपटे, पसरट, आणि दाटी झाली की भोवऱ्यासारख्या ओळी धरतात. खात्री करायची तर डेस्मिन या स्नायूपेशींतल्या प्रथिनाचं रंजन करा.

उपाय प्रीप्लेटिंग. गाळल्यावर पेशी आधी काहीही न लावलेल्या साध्या फ्लास्कमध्ये ३७ अंशांवर १ तास ठेवा. फायब्रोब्लास्ट लवकर चिकटतात. वर तरंगणारा द्रव न ढवळता उचलून जिलेटिनच्या फ्लास्कमध्ये घ्या. पुढे प्रत्येक पासेजला पाऊण तास हेच करा, एकदा करून भागत नाही.

दुसरी चूक म्हणजे फ्लास्क पूर्ण भरू देणं. स्नायूपेशींची दाटी झाली की त्या वाढणं सोडून जुळायच्या मागे लागतात आणि पुढच्या पासेजला कामाच्या राहत नाहीत. ६०-७० टक्क्यांवरच उचला. ट्रिप्सिन ०.०५ टक्के, २-३ मिनिटं, पेशी गोल झाल्या की लगेच सीरमने थांबवा.

आणि हॉर्स सीरमवर नेताना बीएफजीएफ काढलं का? एकाच बाटलीतलं मूळ मीडिया वापरलं असेल तर तेच तंतू होऊ देत नाही.

भीमाकाठ

जांभळ्या रंगाकडे दुर्लक्ष नको, तो वेगळा आजार आहे. मीडियातला फिनॉल रेड हा सामू दाखवणारा रंग जांभळा म्हणजे कार्बन डायऑक्साइड कमी पडला. वीज गेली की इन्क्युबेटरच्या (पेशी उबेत ठेवायच्या कपाटाच्या) वायूची झडप बंद होते, आतला वायू निघून जातो आणि बायकार्बोनेटमुळे मीडियाचा सामू चढतो. दुपारीच होतं म्हणताय, म्हणजे भारनियमनाची वेळ पडताळा.

त्याहून मोठी गोष्ट उन्हाळ्याची आहे. साध्या इन्क्युबेटरला फक्त तापवता येतं, गार करता येत नाही. खोली त्याच्या सेट तापमानापेक्षा किमान ५ अंश थंड हवी. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना एसी बंद पडला की आतलं तापमान ४०च्या वर जातं. बाहेरच्या पडद्यावरचा आकडा मानू नका, आत पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवा. एसी इन्क्युबेटरसह इन्व्हर्टरवर घ्या. आतल्या पाण्याच्या ताटलीत डिस्टिल्ड पाणीच भरा, रोज पाहा. ती कोरडी पडली की मीडिया घट्ट होतो.

मांस आणायची पद्धतही बदला. बर्फाचं वितळलेलं पाणी पिशवीत शिरलं की जंतू आत आलेच. पीबीएस (पेशी धुवायचं खारं द्रावण) आणि प्रतिजैविक असलेली झाकणाची नळी आधीच बर्फात ठेवून न्या, कापल्यापासून तासाभरात प्रयोगशाळेत या. तुकडा ७० टक्के इथेनॉलमध्ये ३० सेकंद बुडवा, बाहेरचा थर कापून टाका, आतलं घ्या. मोठ्या बोकडापेक्षा करडाच्या स्नायूत उपग्रह पेशी (नवा स्नायू बनवणाऱ्या मूळ पेशी) जास्त मिळतात.

शिकाऊ_सोलापूर

बीएफजीएफ खरंच तसंच राहिलं होतं. थर्मामीटरवर दुपारी ३ वाजता ४०.५ दिसलं. १ ग्रॅमचं काय?

सूक्ष्मदर्शी

ते सोडा. १५ मायक्रॉन व्यासाची पेशी साधारण १.८ नॅनोग्रॅमची, म्हणजे १ ग्रॅमला सुमारे ५६ कोटी पेशी. ७५ चौरस सेंटिमीटरच्या एका फ्लास्कमधून ३० लाख निघाल्या तरी पावणेदोनशेच्या वर फ्लास्क लागतील. २०१३ साली लंडनला डच शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी दाखवलेला प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाचा बर्गर अडीच लाख युरोंना पडला तो अशाच हिशेबाने. तुम्ही प्रदर्शनात सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत तंतू दाखवा. त्यात एकापेक्षा जास्त केंद्रकं दिसली की लोकांना स्नायू म्हणजे काय ते कळतं. यातलं काहीही कुणाला चाखायला मात्र देऊ नका, त्यात प्रतिजैविक आणि सीरम आहे.

पद्धत: ८०-९० टक्के भरल्यावर एकदा पीबीएसने धुऊन बीएफजीएफ नसलेलं २ टक्के हॉर्स सीरम. तिसऱ्या दिवसापासून रेघा दिसू लागतात, पाचव्या-सातव्या दिवशी स्पष्ट होतात. त्या काळात अर्धंच मीडिया बदला, तेही कडेने, नाहीतर तंतू आकुंचन पावून चादरीसारखे सुटतात.

भीमाकाठ

आणि नवीन पेशी आल्या की पहिल्याच पासेजला निम्म्या गोठवा: १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी फुटू न देणारा द्रव), मिनिटाला १ अंश या गतीने उणे ८० पर्यंत, मग द्रव नायट्रोजन. पुढच्या पासेजला जुळण्याची ताकद घटत जाते, तेव्हा मागे जायला या कुप्या हव्यात.