जिप्सीचा गिअरबॉक्स घेताना

मागच्या चाकांवर चालणाऱ्या किट-कारसाठी (सुटे भाग जुळवून स्वतः बांधलेल्या गाडीसाठी) मारुती जिप्सीचा पाच गिअरांचा बॉक्स घ्यावा आणि वेगळा बसवलेला ट्रान्स्फर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरांचा डबा) काढून टाकावा, ही या चर्चेत आलेली सूचना मला पटते. मात्र त्याचा एक परिणाम इथे कोणी मांडलेला नाही. त्या ट्रान्स्फर केसमध्ये 'हाय'लासुद्धा, म्हणजे नेहमीच्या रस्त्यासाठीच्या स्थितीतही, फिरण्याच्या वेगात सुमारे १.४ पट घट असते. इंदूरला मित्राच्या गॅरेजमध्ये दोन्ही टोकांच्या फ्लँजवर (शाफ्ट जोडायच्या चकत्यांवर) खडूने खुणा करून आम्ही तो हाताने फिरवला, तेव्हा गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट सात वेळा फिरल्यावर चाकांकडे जाणारा जेमतेम पाच वेळा फिरला.

ही घट गेली की जिप्सीच्याच डिफरन्शियलवर (चाकांना फिरवणाऱ्या धुऱ्यावरच्या गिअरांवर) सगळे गिअर लांब पडतात, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाके जास्त फिरतात आणि ओढ कमी पडते, आणि गाडी हलकी असली, तरी चढावर उचलताना क्लचवर ताण येतो. त्यामुळे डिफरन्शियलचे दात आधी मोजून त्याचे गुणोत्तर पाहावे, असा माझा आग्रह आहे. लहान व्यासाच्या चाकांनी त्यातले थोडेच भरून निघते.