पाळी संपून आठ दिवसांत पुन्हा डाग, कशामुळे?

फोंडेकरीण:
वहिनीचं वय ३८, पाळी दर २८-२९ दिवसांनी. चवथीत अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या. त्या थांबवल्यावर तिसऱ्या दिवशी पाळी आली, पाच दिवस राहिली. ती संपून आठ दिवस झाले आणि कालपासून तपकिरी डाग पडताहेत. पॅड भिजत नाही. कॉपर-टी नाही. फार्मसीवाला रक्त थांबवायची गोळी देतो म्हणतो, घ्यावी का?

माशेलची नर्स:
घेऊ नका. आधी गर्भ आहे का ते बघा, दोन मुलं असली तरी आणि मध्ये पाळी येऊन गेली तरीही. पाळी लांबवायच्या गोळ्या गर्भनिरोधक नव्हेत. सकाळची पहिली लघवी, किटवर लिहिलेत तेवढेच थेंब, आणि निकाल सांगितलेल्या वेळेतच वाचायचा. तासाभराने उमटलेली फिकट रेघ धरायची नाही. संबंध येऊन तीन आठवडे झाले नसतील तर नकारात्मक निकालावर विसंबू नका, नंतर पुन्हा करा. टेस्ट पॉझिटिव्ह आणि ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय किंवा खांदा दुखतोय, तर गर्भ नळीत असू शकतो. मग ओपीडीची वाट न पाहता १०८.

रक्त थांबवायची ती गोळी, म्हणजे बहुधा ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, रक्तस्राव कमी करते, रक्तस्रावाचं मूळ कारण काढून टाकत नाही. पूर्वी पायात वगैरे रक्ताची गुठळी झालेली असेल तर ती धोक्याचीही.

बांबोळी-ओपीडी:
दिवस पाळी सुरू झाली तिथपासून मोजायचे. पाच आणि आठ, म्हणजे हा तेरावा-चौदावा दिवस. बीज सुटताना इस्ट्रोजेन हे हार्मोन थोडा वेळ उतरतं आणि गर्भाशयाच्या अस्तराचा जरासा भाग सुटतो. एक-दोन दिवस डाग पडून थांबतं. टेस्ट निगेटिव्ह असेल तर पहिला संशय यावर. त्यात पाळी पुढे ढकलायच्या गोळीने, म्हणजे नॉरएथिस्टेरॉनने, चक्र एखादा महिना मागेपुढे होतंच. (ही गोळी तारखेच्या तीन दिवस आधीपासून, बहुधा ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असते. माटोळीच्या (गणपतीवर फळं-फुलं बांधायच्या) धांदलीत दुपारची राहिली की गोळ्या चालू असतानाच डाग दिसतात.) माला-एन ही गर्भनिरोधक गोळी विसरली किंवा अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनचे पहिले काही महिने असले तरी असंच होतं. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिटची काही औषधं गर्भनिरोधक गोळीचा असर कमी करतात, ते डॉक्टरला सांगायला लोक विसरतात.

पण दर महिन्याला असं होत असेल, किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल, तर 'हार्मोनचं असेल' म्हणून सोडून देऊ नये. संबंधानंतरचं रक्त बहुतेकदा गर्भाशयाच्या तोंडाकडून येतं: जंतुसंसर्ग, मण्याएवढा पॉलिप (अस्तरावरची मऊ वाढ), क्वचित कॅन्सर. हे पोटावरच्या सोनोग्राफीत सुटून जातं. स्पेक्युलम (योनी उघडी धरायचं साधन) लावून डोळ्यांनी पाहावंच लागतं, आणि थोडे डाग असतानाही ते पाहता येतं. पॅप स्मिअरआधी (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) दोन दिवस योनीत गोळी-क्रीम नको.

फोंडेकरीण:
टेस्ट निगेटिव्ह. सोनोग्राफी आत्ताच करावी का?

बांबोळी-ओपीडी:
डाग थांबले तर घाई नाही. पुन्हा पडले तर पुढच्या पाळीच्या पाचव्या ते दहाव्या दिवसात, योनीमार्गे करा, लघवी करून. तेव्हा अस्तर पातळ असतं. नंतर जाड झालं की छोटा पॉलिप त्यात लपतो. आतल्या बाजूला वाढलेला फायब्रॉइडही (गर्भाशयाच्या स्नायूची गाठ) तेव्हा नीट दिसतो. सोबत हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी). चाळिशी ओलांडलेली असेल, किंवा जास्त वजन, मधुमेह, पीसीओडी असेल, तर डॉक्टर अस्तराचा तुकडाही तपासायला पाठवतात.

माशेलची नर्स:
आणि तासाला एक पॅड, सलग दोन तास भिजला तर तारीखबिरीख सोडा, थेट कॅज्युअल्टीत.