'कॉन्झर्व्हेटिव्ह' सेनेटर: पुराणमतवादी, उजवा की आणखी काही?

मुळाक्षर:
बॅरी गोल्डवॉटर यांच्यावर लेख लिहितोय. अ‍ॅरिझोनाचे रिपब्लिकन सेनेटर, १९५३ ते १९६५ आणि पुन्हा १९६९ ते १९८७. अमेरिकेत त्यांना 'मिस्टर कॉन्झर्व्हेटिव्ह' म्हणायचे. मी सवयीने 'पुराणमतवादी' लिहून मोकळा झालो आणि दुसऱ्याच पानावर अडकलो. हा माणूस उतारवयात गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने बोलला, १९९३ मध्ये समलिंगी सैनिकांची बाजू घेऊन उभा राहिला. त्याच्या आधी १९८१ मध्ये धर्माच्या नावाने राजकारणावर दबाव आणणाऱ्या गटांना त्याने सेनेटमध्येच सुनावलं होतं. याला पुराणमतवादी कोणत्या तोंडाने म्हणू? 'सनातनी' तर नाहीच नाही. 'उजवा' चालेल?

जुना उपसंपादक:
पेपरात असताना आम्ही शीर्षकाची जागा बघून शब्द निवडायचो, म्हणून 'उजवा' फार चालला. विनोद सोडा. 'पुराणमतवादी' आपल्याकडे रुजला तो समाजसुधारणेच्या वादात. विधवाविवाह, केशवपन, संमतिवय असे विषय, आणि समोर आगरकरांसारखे सुधारक. त्यामुळे शब्द उच्चारला की शेंडी, सोवळं, शास्त्राधार डोळ्यांपुढे येतात. गोल्डवॉटर यांचं भांडण शास्त्राशी नव्हतंच, ते वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारच्या आकाराशी होतं. १९६०च्या आपल्या पुस्तकात त्यांनी उघड लिहिलंय की मला कायदे करायचे नाहीत, आहेत ते रद्द करायचेत. कायदेमंडळात बसलेल्या माणसाने असं म्हणणं ही मौजच आहे.

ब्रिटनमधल्या पक्षाला मराठीने 'हुजूर पक्ष' केलं, मजूर पक्षासमोर ते झकास बसलं. इथे ते चालणार नाही. गोल्डवॉटर फिनिक्समधल्या कापडचोपडाच्या मोठ्या दुकानदाराचे चिरंजीव.

कोशकिडा:
'मर्यादितशासनवादी' कसा वाटतो? अर्थ नेमका बसतो.

जुना उपसंपादक:
अर्थ बसतो, पण तोंडात बसत नाही. असले समास कोशात जन्मतात आणि तिथेच मरतात.

फिनिक्सवासी:
इथल्या विमानतळाच्या टर्मिनल ४ ला त्यांचंच नाव आहे, पुण्या-मुंबईहून येणारे अनेक जण तिथेच उतरतात आणि पाटी न वाचता बाहेर पडतात. माझं मत विचाराल तर पहिल्या उल्लेखात 'कॉन्झर्व्हेटिव्ह' तसाच ठेवा आणि पुढे मुद्द्यागणिक शब्द बदला. करांबद्दल आणि कामगार संघटनांबद्दल लिहिताना 'उजवे' चालेल. सोव्हिएत रशियाबद्दल 'कट्टर कम्युनिस्टविरोधी' म्हणा. जिथेतिथे कम्युनिस्ट शोधत फिरणाऱ्या सेनेटर मॅकार्थी यांच्या निषेधाचा ठराव १९५४ मध्ये सेनेटमध्ये आला तेव्हा विरोधात मत देणाऱ्या २२ जणांत हे होते. आणि ग्रँड कॅन्यनच्या बाबतीत? राष्ट्रीय उद्यान वाढवायचं आणि हवासुपाई आदिवासींना त्यांची जमीन परत द्यायची, हा कायदा १९७५ मध्ये झाला. त्यामागे त्यांचा मोठा हात होता. त्या कामाला वरचा कुठलाच शब्द लागू पडत नाही. एकच लेबल पूर्ण लेखावर चिकटवलंत तर निम्मा लेख खोटा पडेल.

मुळाक्षर:
हे पटलं. आता खरी डोकेदुखी. जुलै १९६४, सॅन फ्रान्सिस्को, राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारतानाचं भाषण. त्यातलं गाजलेलं वाक्य मी असं केलंय: 'स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी केलेला अतिरेक हा दुर्गुण नव्हे.' वाचून बायको म्हणाली, बंदुका घेऊन कोण आलंय?

जुना उपसंपादक:
वहिनींचं बरोबर आहे. 'अतिरेक' एकेकाळी साधा शब्द होता, तिखटाचाही अतिरेक व्हायचा. १९८०च्या दशकात पंजाबच्या बातम्यांत आम्हीच 'अतिरेकी' रोज वापरून त्याला बंदूक दिली. तुमच्या वाक्याला 'जहाल' हवा. मराठीत ही जोडी तयारच आहे: 'स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी जहाल होणं हा दुर्गुण नव्हे, आणि न्याय मिळवताना मवाळ राहणं हा सद्गुण नव्हे.' दोन्ही पारडी बरोबर तुलतात.

कोशकिडा:
तुलतात, पण वाक्य एकदम टिळकांचं होऊन जातं. आपल्याकडे 'जहाल' ही पदवी आहे, लोक अभिमानाने मिरवतात. त्या सभागृहात तसं नव्हतं. पक्षाच्या त्याच अधिवेशनात त्यांचे पक्षातलेच प्रतिस्पर्धी नेल्सन रॉकफेलर जॉन बर्च सोसायटीसारख्या टोकाच्या कम्युनिस्टविरोधी गटांविरुद्ध बोलायला उठले तर त्यांची हुर्रेवडी उडवली गेली. त्या पार्श्वभूमीवर गोल्डवॉटर यांनी मूळ इंग्रजीतला 'एक्स्ट्रिमिझम' हा शब्द उचलला. समर्थकांनी 'जहाल' ऐकलं, विरोधकांनी 'अतिरेकी', आणि नोव्हेंबरात डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी निर्वाचक मंडळाच्या ४८६ विरुद्ध ५२ मतांनी त्यांचा धुव्वा उडवला. तुम्ही 'जहाल' लिहिलंत तर वाचकाला कळणारच नाही की एका वाक्याने एवढं काय बिघडलं.

जुना उपसंपादक:
मग भाषांतरात 'जहाल' ठेवा आणि पुढच्या वाक्यात सांगा की विरोधकांनी त्याचा अर्थ 'अतिरेकी' असा लावला. कंसात तळटीप घालू नका, कोणी वाचत नाही.

मुळाक्षर:
'राज्यांचे अधिकार' याबद्दलही कोणी बोला. १९६४च्या नागरी हक्क कायद्याला त्यांचा विरोध याच मुद्द्यावर होता ना?

फिनिक्सवासी:
तो एक मुद्दा. १९५७ आणि १९६०च्या नागरी हक्क कायद्यांना त्यांनी पाठिंबा दिला होता. १९६४चं विधेयक सेनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झालं, त्या २७ मध्ये ते गेले. आक्षेप दोन भागांना: हॉटेलं, खानावळी, चित्रपटगृहांत सर्वांना प्रवेश, आणि नोकरीत भेदभावाला बंदी. खाजगी मालकाने कोणाला आत घ्यावं हे केंद्राने सांगू नये, असं म्हणणं. आता निकाल बघा. स्वतःचं अ‍ॅरिझोना सोडलं तर फक्त पाच राज्यं मिळाली: मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना आणि साउथ कॅरोलायना. हे मतदार घटनेतलं कलम वाचून आले नव्हते.

आपल्याकडे 'राज्यांचे अधिकार' म्हटलं की वाचकाला जीएसटीचा वाटा आठवतो, नाहीतर राज्यपालांनी दाबून ठेवलेली विधेयकं. म्हणजे सहानुभूती आपोआप राज्याकडे जाते. अमेरिकेच्या दक्षिणेत तेच शब्द काळ्या लोकांना वेगळं बसवणाऱ्या कायद्यांची ढाल होते. शब्द बदलू नका, पण तो कोणाच्या तोंडी होता ते तिथल्या तिथे लिहा. गोल्डवॉटर स्वतः वंशद्वेष्टे नव्हते, असं त्यांचे टीकाकारही म्हणत. मतपेटीत काय पडलं हा वेगळा प्रश्न, आणि तो टाळून लेख लिहू नये असं मला वाटतं.

कोशकिडा:
त्यांच्या नावाने ओळखला जाणारा १९८६चा संरक्षण खात्याचा 'गोल्डवॉटर-निकल्स' कायदा, सैन्यदलांना एकत्र काम करायला लावणारा, लेखात घेताय का? १९८० मध्ये इराणमधल्या ओलिसांना सोडवायची मोहीम फसली, ग्रेनडात १९८३ मध्ये सैन्यदलांचा एकमेकांशी मेळ बसेना, त्यातून तो आला. सेनेटमध्ये विरोधात एकही मत नाही. रद्द करायला निघालेल्या माणसाचं सर्वांत टिकाऊ काम म्हणजे एक नवा कायदा! आपल्याकडे सरसेनाध्यक्षपद आणि थिएटर कमांडची, म्हणजे एका भागातली तिन्ही दलं एकाच सेनापतीच्या हाताखाली आणायची, चर्चा निघते तेव्हा अजून त्याचा दाखला देतात.

मुळाक्षर:
घेतोय. 'थिएटर'ला 'रणक्षेत्र' करू?

जुना उपसंपादक:
नको. फौजेतली मराठी माणसंही 'थिएटर कमांड'च म्हणतात. एकदा सोपं करून सांगा आणि पुढे जा. बाकी माणसाच्या नावाने कायदा ओळखायची रीत आपल्याला नवी नाही. हरबिलास सारडा यांचा १९२९चा बालविवाह प्रतिबंधक कायदा मराठीत 'शारदा कायदा' झाला, आणि लोक त्याचं नातं देवलांच्या १८९९च्या नाटकाशी जोडत बसले.

फिनिक्सवासी:
एक दुरुस्ती आत्ताच सांगतो, नंतर छापून गेल्यावर उपयोग नाही. 'गोल्डवॉटर-निकल्स' म्हणजे दोन सेनेटर असं लिहू नका. बिल निकल्स हे अलाबामाचे, प्रतिनिधिगृहातले, आणि तेही डेमोक्रॅट. सेनेटमध्ये गोल्डवॉटर यांच्या जोडीला होते सॅम नन, तेही डेमोक्रॅटच.